ताईच्या उंचीचं अंदाजपत्रक

आमच्या घरात एक नियम होता. कागदाच्या मागे लिहायचं, पुढचं वाचायचं नाही. बाबा कल्याणच्या एका छापखान्यात बाइंडिंगला होते. छापताना जे कागद खराब होत ते मालक महिन्यातून एकदा कामगारांना वाटून टाकी. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी. बाबा ते कटिंग मशीनवर सारखे कापून आणत, रविवारी जेवण झाल्यावर सुईदोरा घेऊन बसत आणि मैद्याची खळ लावून आमच्या वह्या शिवत. त्यामुळे शाळेत माझ्या भूगोलाच्या मागे कुणाची तरी लग्नपत्रिका असे, इंग्रजीच्या मागे खोकल्याच्या औषधाची लेबलं. मुली हसत. मला त्याचं काही वाटत नसे, कारण आमच्या वह्या कधी संपत नसत. काही मोठे कागद बाबा न कापताच आणत. ते गादीखाली सपाट पसरलेले असत, आणि कूस बदलली की ते कुरकुरत. त्या आवाजाशिवाय मला पुढे कित्येक वर्षं झोप नीट लागत नसे.

पुढचं का वाचायचं नाही, असं मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "खराब कागद म्हणजे खराब. कधी शाई सांडलेली असते, कधी कागद दुमडलेला असतो. कधी काय असतं ते आपल्याला दिसतपण नाही. का टाकला ते ज्याने टाकला त्याला माहीत." मला हे उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं. मी नववीत होते, आणि छापलेलं दिसलं की वाचायचं, ही माझी खोड होती.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या पुढे खाडीच्या बाजूला आमची चाळ. दोन रांगा, मध्ये फरशी घातलेली गल्ली आणि गल्लीच्या कडेने गटार. पाण्याचा पाइप त्याच गटारातून आलेला. तो कोणी आणि कधी टाकला हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पहाटे पाचला पाणी येई. आधी नळातून नुसती हवा येई, कुत्रं गुरगुरतं तसा आवाज करत. मग काळं पाणी, मग पिवळट, मग दिसायला स्वच्छ. आईने नळाला जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं होतं. पहिल्या दोन बादल्या ती मोरीत ओतायची, तिसरीपासून भरायची. दर दोन दिवसांनी फडकं सोडून पिळलं की त्यातून शेवाळासारखं काहीतरी निघायचं, आणि त्याचा वास हाताला चिकटायचा. आई म्हणायची, "हे आपल्या पोटात जायचं होतं." म्हणायची आणि फडकं धुऊन परत बांधायची. मला वाटायचं, फडक्याने जे अडवलं ते हिला दिसतं, पण जे अडवलं नाही त्याचं काय?

त्या वर्षी चाळीत कावीळ आली. आधी शेजारच्या शेवंतामावशीचा मुलगा पिवळा पडला, मग मागच्या रांगेतली दोन माणसं. मावशी स्टेशनबाहेर सुके बोंबील आणि जवळा विकायला बसायची. ती मुलाला घेऊन कुठल्या तरी झाडपाल्याच्या वैद्याकडे जाऊन आली, आणि तो बराही झाला. त्यामुळे चाळीने कावीळ फारशी मनावर घेतली नाही. येते आणि जाते, असं सगळे म्हणत. ऊस खायचा, मुळा खायचा, तेल बंद करायचं. आमच्याकडे कुळथाची पिठी आणि भात आठवड्यातून चार दिवस असेच, त्यात फोडणीचं तेल कमी झालं एवढाच फरक.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण वंदना, मोहन्याला दिलेली. दाजी तिथल्या एका कंपनीत होते. शांत माणूस, आमच्याकडे आले की चप्पल उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवायचे. ताईला सातवा लागला तेव्हा ते तिला सोडायला आले आणि चहा पिता पिता, कपाकडे बघत म्हणाले, "आई, तिकडचं पाणी बरं आहे. बाळंतपण तिकडेच केलं तर?"

आईचा हात थांबला. "आणि लोकांनी काय म्हणायचं? पहिलटकरणीला माहेराने दार लावून घेतलं?"

"तसं नाही हो. इकडे कावीळ आहे म्हणतात."

"तिचं पाणी मी उकळून देईन. वेगळा माठ ठेवीन. तुम्ही काळजी करू नका."

दाजी चहा संपवून, ताईला ठेवून गेले. आईने शब्द पाळला. रॉकेल रेशनवर मोजून मिळायचं, सगळ्यांचं पाणी उकळणं परवडणारं नव्हतं. म्हणून ताईचं तेवढं वेगळं उकळायचं, झाकणावर दोरा बांधलेला माठ तिचा, पेला तिचा. स्टोव्हचा भुर्र आवाज दिवसातून दोनदा व्हायचा आणि बाकी आम्ही तिघं नळाचंच प्यायचो. पण चाळीत सात महिन्यांची पोटुशी लेक माहेरी आली की तिला कोणी रिकाम्या तोंडाने जाऊ देत नाही. या दारात कोकम सरबत, त्या दारात ताक, डोहाळजेवणाला शेवंतामावशीने केलेलं पन्हं. ताई नाही म्हणायची नाही. तिला लोकांना नाही म्हणता येतच नसे. कुठल्या घोटातून ते दुखणं आलं, हे मला सांगता येणार नाही, आणि सांगता येत नाही म्हणून कोणाचं नावही मी मनात धरलेलं नाही.

त्याच सुमारास मी नियम मोडला. गादी उन्हात टाकायला काढली तेव्हा खालचे न कापलेले मोठे कागद, छापखान्याच्या भाषेत फर्मे, मी उचलून ठेवत होते. त्यांतला एक पालिकेच्या अंदाजपत्रकाचा होता. न कापलेल्या फर्म्यावर पानं क्रमाने नसतात. काही उलटी, काही सुलटी, बारानंतर एकदम पाच. मी डोकं वाकडं करकरून वाचत गेले आणि एका पानावर आमच्या वॉर्डाचं नाव सापडलं. खाली कामांची यादी. रस्ते, दिवाबत्ती, गटारं, शाळा दुरुस्ती आणि त्यातच एक ओळ, 'जुन्या जलवाहिन्या बदलणे'. समोरची रक्कम बाकी सगळ्या कामांच्या रकमांएवढी होती, एकटीच. ती रक्कम मी इथे लिहीत नाही. तो कागद आता माझ्याजवळ नाही, आणि आठवणीतून आकडा लिहिणं मला जमत नाही. का जमत नाही ते पुढे येईलच.

मी गुरव सरांकडे गेले. सर निवृत्त शिक्षक आणि आमच्या चाळीचे सेक्रेटरी. शिरगणतीची ड्युटी त्यांनी दोनदा केलेली, त्यामुळे वॉर्डात किती डोकी आहेत हे त्यांच्या एका वहीत होतं. ते म्हणाले, "अगं, मोठी रक्कम लोकांना कळत नाही. सहा आकड्यांच्या पुढे गेलं की सगळे आकडे सारखेच. माणशी किती ते काढ. माणशी काढलं की प्रत्येकाला आपलं वाटतं." मी भागाकार केला. माणशी जे आलं तेही कोणाला कळेना. शेवंतामावशी म्हणाली, "म्हणजे किती बोंबील?" ती चेष्टा करत होती, पण मी ते बरोबर घेऊन घरी आले. खरंच, म्हणजे किती? रुपये सांगून भागणार नव्हतं, डोळ्यांना दिसलं पाहिजे होतं. एका माणसावर वॉर्ड जेवढा खर्च करणार तेवढा एक माणूसच काढला तर?

अंदाजपत्रकाचा धरून तीन मोठे फर्मे मी उलटे करून खळीने जोडले, कोरी बाजू वर. दुपारची वेळ, आई रेशनच्या रांगेत. मी ताईला म्हटलं, "यावर झोप."

"कशाला गं?"

"माप घ्यायचंय."

"शिवणार आहेस काय मला?" पण ती झोपली, उताणी, हात अंगालगत. मी कोळशाने तिच्या डोक्यापासून रेघ काढायला घेतली. कानाशी आले तशी ती हसायला लागली. "गुदगुल्या होतात गं. कमरेशी कोळसा नको आणू हां, सांगून ठेवते."

"हलू नकोस, रेघ वाकडी जाते."

"रेघ वाकडी जाऊ दे, मी सरळ आहे ना." ती उठून बसली तेव्हा धापा टाकत होती. कागदाकडे वाकून बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. "यात माझं पोट कुठे दिसतंय?"

"वरून काढल्यावर कसं दिसेल?"

"म्हणजे मला एकटीलाच धरलंस. आम्ही दोघं आहोत."

"जन्मल्यावर धरू. पोटातलं धरत नाहीत, सर म्हणाले. शिरगणतीचा नियम आहे."

"तुझ्या सरांना म्हणावं, त्याच्या पोटात पाणी जात नाही का?"

आम्ही दोघी पुष्कळ हसलो. मग मी पट्टीने तिची उंची मोजली आणि वाटण्या केल्या. रंग घरातलेच. रस्त्यांना गेरू, दिवाबत्तीला हळद, गटारांना कोळसा, शाळेला तांदळाच्या पाण्यात कालवलेला चुना. पाण्याला कपड्यांची नीळ. नीळ पायांपासून चढत चढत जवळजवळ कमरेपर्यंत गेली. निम्मी ताई निळी झाली. ती म्हणाली, "बाई गं, मी तर खाडीत उभी आहे."

हे सगळं इतकं तपशिलाने लिहिण्याचं कारण, यात एक गोष्ट मी गाळली आहे. त्या पानाखाली एकूण बेरीज छापलेली होती. मी सगळ्या कामांची बेरीज केली, ती छापील बेरजेशी जुळली नाही. थोडीथोडकी नाही, माझी जवळजवळ दुप्पट येत होती. दुसऱ्यांदा केली, तीच आली. तिसऱ्यांदा खालून वर केली, तीच. मला बेरीज येत होती. वर्गात माझी बेरीज कधी चुकत नसे. मी स्वतःला सांगितलं की छापील बेरीजच चुकलेली असणार, म्हणूनच हा फर्मा फेकला. असं असू शकत होतं. पण दुसरंही असू शकत होतं, आणि ते मला नको होतं. निळा रंग कमरेपर्यंत चढलेला मला हवा होता.

आता माझ्या मुलीच्या मोबाइलवर अशी चित्रं रोज येतात. परवा ती सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, म्हणाली, "आई, बघ, सरकार आपल्या प्रत्येकामागे कशावर किती खर्च करतं." रंगीत वर्तुळ होतं, बोट लावलं की फाक पुढे येई. मी चष्मा लावून बघायला लागले. ती म्हणाली, "तू वर्तुळाकडे बघतच नाहीस. कोपऱ्यातल्या बेरजेकडे बघतेस." खरं आहे. माजिवड्याच्या आमच्या सोसायटीत मी खजिनदार आहे, आणि हिशेबातला एक रुपयाही सोडत नाही म्हणून मागून लोक मला 'एक रुपयावाली' म्हणतात, हेही मला माहीत आहे. म्हणू देत.

रविवारी सरांनी तो कागद गल्लीतल्या भिंतीला चार खिळ्यांनी लावला. संध्याकाळपर्यंत सगळी चाळ येऊन बघून गेली. आकडे ऐकून ज्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं ती माणसं आता निळ्या रंगाला हात लावून बघत होती. शेवंतामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढं पाणी आमच्या नावाचं? आणि आम्ही फडकं पिळतोय?" एक म्हातारा कागदाला पाठ लावून उभा राहिला आणि विचारत होता, "माझं कुठवर येतं बघा." चाळीत पहिल्यांदाच लोक या विषयावर चिडलेले मी पाहिले. ठरलं की सोमवारी वॉर्ड ऑफिसला जायचं, पाइप बदलून मागायचा, आठवड्याच्या आत. सरांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, बेरीज ताडून पाहिलीस ना? जुळली?"

मी म्हटलं, "हो."

बाबा दारात उभे होते. त्यांनी कागद ओळखला होता, आणि माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी सगळी चाळ माझं कौतुक करत होती म्हणून असेल, ते तसेच आत गेले.

सोमवारी अकरा जण गेलो. बाबा कामावर, ताई घरी. कागद गुंडाळून मी छातीशी धरलेला. साहेबांच्या टेबलावर तो उलगडला तेव्हा शाईची दौत आणि दोन फायली ठेवून त्याची टोकं दाबावी लागली. साहेब वाईट नव्हते. त्यांनी उठून, चष्मा सारखा करून, सगळं नीट बघितलं. "हे छान केलंय हां. कोणी केलं? तू? व्वा." मग त्यांनी निळ्या रंगावर बोट ठेवलं, कपाटातून जाड पुस्तिका काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवली. "वाच बाळ. मोठ्याने वाच."

मी वाचलं. तीच ओळ, तीच कामं, तोच क्रम. फक्त एक शून्य कमी. खालची बेरीज मात्र माझ्या फर्म्यावर होती तीच.

"तुझ्या कागदात एक शून्य जास्त आहे," साहेब कागदाची छापील बाजू उलटून बघत म्हणाले. "छापखान्यात चूक झाली असणार, मग त्यांनी दुरुस्त करून परत छापलं. हा रद्दीतला कागद तुझ्याकडे आला कसा?"

मी म्हटलं, "बाबांनी आणला." ते तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. साहेबांनी छापखान्याचं नाव पुस्तिकेच्या मागे बघितलं आणि एका कागदावर टिपून घेतलं. "बेरीज तरी करून बघायची," ते हसत म्हणाले. "आधी बेरीज, मग मोर्चा." खोलीतले दोन कारकूनही हसले.

गुरव सर तेवढ्यात पुढे झाले. त्यांचा आवाज मला आजही ऐकू येतो, कारण त्या खोलीत तेवढंच एक शहाणपणाचं वाक्य बोललं गेलं. "साहेब, शून्य काढून टाका. तरी रक्कम उरतेच ना? आमच्या गल्लीतला पाइप तेवढ्यात सहज होतो. माणसं आजारी आहेत."

"खऱ्या आकड्याचा नवा अर्ज द्या. बघू."

पण मागे वळून बघितलं तर आमची माणसं जिना उतरत होती. हसं झालेल्या जागी कोण थांबणार? बाहेर शेवंतामावशी मला म्हणाली, "कमरेपर्यंत दाखवलंस गं बाय, आणि आणलंस कोरडं." सरांनी दोन दिवसांनी नवा अर्ज लिहिला. मी घरी परत भागाकार केला तेव्हा निळा रंग कमरेवरून घोट्यापर्यंत उतरला होता. पण घोट्याएवढंही आमच्या गल्लीच्या पाइपाला पुरत होतं, सरांनी तो हिशेब मला मांडून दाखवला. खरा आकडा पुरेसा होता. खरा आकडा घेऊन गेलो असतो तर त्यावर हसण्यासारखं काहीच नव्हतं. अर्जावर सरांना चारच सह्या मिळाल्या. बाकीचे म्हणाले, परत तोंड दाखवायला नको.

छापखान्यात फोन गेला. मालकाने बाबांना आठ दिवस घरी बसवलं आणि कामगारांना कागद देणं कायमचं बंद केलं. सगळ्यांचंच. त्या आठ दिवसांत बाबा पहाटे उठून नळापाशी बसत, आईच्या आधी पाणी भरत. माझ्यावर ते ओरडले नाहीत. एकदाच, बादली उचलता उचलता त्यांनी विचारलं, "बेरीज केली होतीस?"

मी मान डोलावली.

"जुळली नव्हती?"

बाबांनी बादली आत नेऊन ठेवली आणि दुसरी लावली.

साधारण महिन्याने ताईला मळमळ सुरू झाली. गरोदर बाईला मळमळ होतेच, म्हणून आईने दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी दारात उजेडात बसून ताई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली तेव्हा मला तिचे डोळे दिसले. आई म्हणाली, "येते आणि जाते," आणि ताईचं पाणी परत उकळायला ठेवलं. पोटुशीला कावीळ वेगळी असते हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघताक्षणी ठाण्याला न्यायला सांगितलं. दाजी मोहन्याहून थेट तिकडे आले. तिथे तिसऱ्या दिवशी ताई माणसं ओळखेनाशी झाली. मला तिने शेवटचं जे विचारलं ते कळण्यासारखं होतं. ती म्हणाली, "माठ झाकलास का?" मी हो म्हटलं. पाचव्या दिवशी ती गेली. बाळ आतच गेलं, मुलगा होता असं नर्सने सांगितलं. दाजी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. आईने त्यांचे पाय धरले आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात." त्यांनी आईला उठवलं. ते पुढेही कधी त्यावर बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर आईला बरं झालं असतं, असं मला वाटतं.

आमच्यात जलदान विधी असतो. भन्तेजी गाथा म्हणतात आणि घरातली माणसं एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात सावकाश पाणी ओततात, ते दुसरं भरून खाली सांडेपर्यंत. त्या पाण्यासाठी बाबा कळशी घेऊन पहाटे पायी दूरच्या एका विहिरीवर गेले होते. नळाचं त्यांनी वापरू दिलं नाही. शेवंतामावशी माझ्या मागे बसली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो विधी संपेपर्यंत काढला नाही.

पाइप वेळेत बदलला असता तर ताई वाचली असती का? मी हा प्रश्न पुष्कळदा मांडून बघितला आहे. तिच्या पोटात ते कधी गेलं ते माहीत नाही, आमच्या सोमवारच्या आधी की नंतर. नवा अर्ज लगेच मंजूर झाला असता तरी काम किती दिवसांत झालं असतं ते माहीत नाही. इतक्या गोष्टी माहीत नसताना उत्तर काढता येत नाही. मी गुन्हेगार आहे असंही सिद्ध होत नाही आणि नाही असंही. एवढंच नक्की, की बेरीज जुळली नव्हती आणि मी जुळली म्हणाले.

तो कागद आईने रद्दीत जाऊ दिला नाही. घडी घालून तो ट्रंकेत ताईच्या साड्यांखाली ठेवला. बाबांनी त्यानंतर घरात एकही छापील कागद आणला नाही. आम्ही दुकानातल्या वह्या वापरायला लागलो, आणि त्या लवकर संपायच्या.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी बाबा कामावरून आले, हातपाय धुतले आणि पिशवीतून एक पुस्तिका काढून माझ्यासमोर ठेवली. नव्या वर्षाचं अंदाजपत्रक. खराब फर्मा नव्हता. कापलेलं, शिवलेलं, पुठ्ठा लावलेलं, स्वतः बांधलेलं. मालकाला सांगून आणि पैसे भरून आणलं होतं. ते म्हणाले, "आता पुढचं वाच."

मी आमच्या वॉर्डाचं पान काढलं. जलवाहिन्यांची ओळ होती, आणि या वेळी तिच्यापुढे कंसात आमच्या गल्लीचं नाव होतं. पाइप बदलून तोवर महिना झाला होता. नवीन लोखंडी पाइप, गटाराच्या वरून, खांबांवर. नळाचं फडकं आईने अजून सोडलं नव्हतं. मी आधी बेरीज केली, वरून खाली आणि खालून वर. दोन्ही वेळा जुळली. मग गुरव सरांच्या वहीतून डोक्यांचा आकडा घेतला आणि माणशी किती ते काढायला बसले. बाबा समोर बसून बघत होते. सरांच्या त्या आकड्यात ताई लग्नाआधीची, आमच्याच घरात धरलेली होती, आणि आता कमी करायला हवं होतं. शिरगणतीच्या नियमाने एक. मी आधी एक कमी करून भाग दिला, मग दोन कमी केले, आणि परत भाग दिला.

उत्तर तेच आलं. पैशापर्यंत तेच.